मीठ, धूर आणि नाताळ

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला कृष्णपुऱ्यातील मराठी घरांत वांगी भाजल्याचा वास येतो. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे आणि कांदा त्या दिवशी खंडोबाच्या नैवेद्याच्या निमित्ताने पुन्हा स्वयंपाकघरात येतात. बाजरीचे रोडगे, वांग्याचे भरीत, पातीचा कांदा असा तो साधा थाट असतो. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि कान्ह नदीच्या काठी उभ्या असलेल्या छत्र्या त्याच घराण्यातील व्यक्तींच्या. त्यामुळे चंपाषष्ठीचा हा नैवेद्य इंदूरच्या मराठी माणसाला आपल्या इथल्या वास्तव्याइतकाच जुना वाटतो.

याच थंडीत, कधी दोन-तीन आठवड्यांनी तर कधी दोन-चार दिवसांनी, याच शहरात दुसरा एक सण येतो. रेसिडेन्सीच्या परिसरातील आणि महूच्या छावणीतील चर्चमध्ये घंटा वाजतात. ज्या इंग्रजांनी ती छावणी वसवली, त्यांच्या नाताळच्या मेजवानीतील एक मानाचा पदार्थ म्हणजे हॅम. डुकराची मागची मांडी मिठात मुरवायची, धुरावर धरायची आणि सणाच्या दिवशी वरून साखर-मोहरीचा लेप देऊन भट्टीत तांबूस होईपर्यंत भाजायची. भरीत-रोडग्याच्या शेजारी हा पदार्थ मांडला तर पुष्कळांना ते अनुचित वाटेल. परंतु सणाच्या पदार्थांचा इतिहास हा केवळ आवडीनिवडीचा इतिहास नसतो. त्यात हवामान असते, साठवण असते, उपवास असतो आणि पुष्कळदा सत्ताही असते. हॅमच्या निमित्ताने हा इतिहास तपासताना आपण महू आणि वसईमार्गे पुन्हा कृष्णपुऱ्यातच येऊन पोहोचतो, हे दाखवण्याचा या लेखाचा हेतू आहे.

हॅम मुळात चैनीचा पदार्थ नव्हे, ती बेगमी आहे. आपल्याकडे बेगमी पावसाळ्यापूर्वी करतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पापड, कुरडया, सांडगे वाळतात, लोणची मुरतात, कोकणात मासे खारवून सुकवले जातात. उत्तर युरोपात अडचणीचा काळ पावसाळा नव्हे, हिवाळा. शरद ऋतूत ओकच्या झाडाखाली पडलेली फळे खाऊन डुकरे पुष्ट होत, आणि पुढे बर्फ पडू लागले की त्यांना चारणे शेतकऱ्याला परवडत नसे. म्हणून ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणाच्या आसपास डुकरे मारण्याचा रिवाज पडला. थोडे मांस ताजे खाल्ले जाई, बाकीचे मिठात जाई. मांडी हा सर्वांत मोठा तुकडा. ती हाडासकट कोरड्या मिठाने चोळून थंड तळघरात ठेवीत. मीठ आत उतरे, पाणी बाहेर पडे, आणि सडवणाऱ्या जंतूंना जगण्याजोगा ओलावा राहत नसे. हाडापर्यंत मीठ पोहोचायला काही आठवडे लागत, आणि तेवढा काळ मांस टिकायचे तर भोवतालची हवा थंड असणे अपरिहार्य होते. त्यानंतर लाकडाच्या मंद धुरावर ती मांडी टांगली जाई. धुराने वरचा थर सुके, त्याला वास लागे आणि माश्या दूर राहत.

नाताळपूर्वीचे चार आठवडे हा जुन्या ख्रिस्ती परंपरेत संयमाचा काळ होता आणि त्यात मांस वर्ज्य करण्याचे दिवस असत. नोव्हेंबरात मारलेले डुक्कर, मधला संयमाचा काळ आणि २५ डिसेंबरला सुटणारा उपवास अशी ही सांगड आहे. चातुर्मासाने वांगे थांबवावे आणि चंपाषष्ठीने ते सोडवावे, तसाच हा प्रकार. वर्ज्य केल्याशिवाय सण गोड लागत नाही, हे दोन्हीकडच्या पूर्वजांना ठाऊक होते.

सणाच्या दिवशीची पाककृतीही या बेगमीतूनच निघाली आहे. मिठात मुरलेली मांडी तशीच खाता येत नाही, म्हणून ती रात्रभर पाण्यात भिजवतात. मग मंद आचेवर तासन् तास शिजवतात. वरची जाड कातडी सोलली की खाली चरबीचा पांढरा थर दिसतो. त्यावर सुरीने शंकरपाळ्यांसारख्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीत एक लवंग खोचतात. शेवटी साखर किंवा मध, मोहरी आणि थोडा आंबट रस यांचा लेप देऊन मांडी कडक आचेच्या भट्टीत ठेवतात. साखर वितळून तांबूस होते आणि चरबीवर चकाकी चढते. स्वीडनमध्ये आजही नाताळचे हॅम मोहरीचा लेप आणि पावाचा चुरा लावून असेच भाजतात. खारटपणाला गोडी आणि चरबीला मोहरीचा झणका, असा तो तोल आहे. बेगमीच्या खारट मांसाला सणाचे रूप देण्याची ही युक्ती होय.

या पाककृतीत आपल्या देशाचा वाटा किती आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. उसापासून साखर करण्याची विद्या येथून पश्चिमेकडे गेली. लवंग मोलुक्का बेटांची, परंतु तिचा व्यापार हिंदी महासागरातून चाले. आणि हॅमचा गुलाबी रंग येतो सोऱ्यामुळे. मिठात थोडा सोरा मिसळला की त्यापासून बनणारी द्रव्ये मांसातील रंगद्रव्याशी संयोग पावतात आणि शिजल्यावरही मांस तांबूस राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्राणघातक विष निर्माण करणाऱ्या जंतूंनाही आळा बसतो. हे रसायन पुढे उलगडले, अनुभव मात्र फार जुना. ईस्ट इंडिया कंपनी सतराव्या-अठराव्या शतकांत बिहारमधून जहाजे भरभरून सोरा नेत असे. त्याचा मुख्य उपयोग बंदुकीची दारू करण्यासाठी होता, आणि थोडा अंश इंग्लंडच्या खारवणाऱ्यांकडे जाई. तोफेची दारू आणि नाताळचे हॅम यांत एकच क्षार होता.

माळव्यात या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात येऊन ठेपल्या. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. त्यानंतर चारच दिवसांनी नाताळ होता. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. ख्रिस्ती पंचांगात तो तीन राजांचा सण, म्हणजे नाताळच्या पर्वाचा समारोप. होळकरशाहीचे स्वातंत्र्य ज्या पंधरवड्यात संपले तो पंधरवडा विजेत्यांच्या सणाचा होता. त्याच वर्षी इंदूर ही होळकरांची राजधानी झाली आणि महूची छावणी वसली. आपले शहर राजधानी म्हणून आणि महू छावणी म्हणून, दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये आहेत.

छावणीतल्या साहेबाला हॅम येथे करता येईना. माळव्यातील रात्री थंड असतात, पण दुपार उन्हाची असते, आणि मिठाने हाडापर्यंत पोहोचण्याआधीच मांस आतून बिघडते. म्हणून हॅम विलायतेहून येई. कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत अठराव्या शतकाच्या अखेरीस बोटीने आलेल्या चीज व हॅमच्या जाहिराती छापल्या जात. पुढे सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून खांडवा–इंदूर लोहमार्ग झाला, तेव्हा मुंबईच्या बंदरातून महूपर्यंतचा प्रवास सोपा झाला. बंगल्याच्या स्वयंपाकघरात भट्टी नसेल तर देशी खानसामा भांड्याच्या खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून काम भागवी. खाली-वर विस्तव ठेवण्याची ही रीत आपल्या आजी-पणजींनाही परिचयाची होती.

यावरून असा समज होऊ शकतो की हे भाजलेले मांस मराठी मुलखाला सर्वस्वी परके होते. तसे म्हणता येत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ मध्ये ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी पद्यरचनेचा एक जुना नमुना याच ग्रंथात मिळत असल्याने वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो सुपरिचित आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने तो प्रसिद्ध केला, म्हणजे तो आपल्यापर्यंत पोहोचला तोही एका मराठी संस्थानामुळेच. या ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात राजाच्या पाकशाळेचे तपशीलवार वर्णन आहे आणि त्यात वराहमांसाची कृतीही आहे. जनावर पांढऱ्या वस्त्राने झाकून त्यावर उकळते पाणी घालावे, म्हणजे केस मुळापासून सुटतात, किंवा गवताच्या जाळावर ते काढावेत, असे सोमेश्वर सांगतो. पुढे मांस विस्तवावर भाजून त्याचे ताडपत्रासारखे पातळ काप करण्याचा आणि त्यांना दह्याची जोड देण्याचा उल्लेख येतो. मराठी भाषा जिथे वाढत होती त्या प्रदेशावर राज्य करणाऱ्या राजाचे हे ताट होते. त्यात भाजणे आहे, आंबट आहे, पातळ काप आहेत. नाही ते फक्त दीर्घकाळ खारवून ठेवणे, कारण येथे तशी थंडी नव्हती आणि तशी गरजही नव्हती.

थंडी नसलेल्या मुलखात खारवणाऱ्यांचा सण आला म्हणजे काय होते, याचे उत्तर गोव्यात आणि वसईत सापडते. आपण ‘नाताळ’ म्हणतो तो शब्दच पोर्तुगीज आहे, ‘पाव’ हा शब्द आहे तसाच. नाताळची कथा मराठी ओवीत प्रथम विस्ताराने सांगणारा कवी मात्र इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. ते १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. त्यांची ही जन्मभूमी पुढे हॅमसाठीच नावाजली. विल्टशरमधील काल्न या गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्फाच्या कोठारांत मांस मुरवण्याची रीत निघाली, आणि त्यामुळे उन्हाळ्यातही खारवण शक्य झाली. म्हणजे खुद्द इंग्लंडलाही बारमाही हॅमसाठी थंडी विकत घ्यावी लागली.

गोव्याच्या नशिबी बर्फ नव्हता. पोर्तुगिजांकडे मात्र खारवण्याखेरीज आणखी एक युक्ती होती. द्राक्षांची मदिरा आणि लसूण यांत डुकराचे मांस मुरवून ठेवायचे. त्याला ते ‘कार्ने दे विन्य द’आल्युश’ म्हणत, आणि मदेरा बेटावर तो अद्याप नाताळचाच पदार्थ आहे. गोव्यात मदिरेच्या जागी माडाच्या सुरेचा शिरका आला, अमेरिकेतून आलेली मिरची त्यात पडली, मिरी-दालचिनी पडली, आणि ‘विंदाल्यु’ तयार झाला. उत्तरेत या नावातल्या शेवटच्या अक्षरांत लोकांना ‘आलू’ ऐकू आला आणि बटाटे घालण्याची प्रथा पडली, हा पुढचा विनोद. शिरक्यातल्या आम्लाने तेच काम केले जे युरोपात थंडी आणि धूर करीत.

त्याहून बोलके उदाहरण गोव्याच्या ‘चोरिसां’चे आहे. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, शिरका आणि मिरचीत मुरवून, आतड्यात भरून, उन्हात आणि धुरावर सुकवायचे आणि माळा करून टांगायचे, हा हॅमचाच जातभाई. पण तो करतात उन्हाळ्यात, पावसाळ्यासाठी. त्यासाठी मे महिन्यात बाजार भरतात, आणि या साठवणीला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज, अर्थ आपली ‘बेगमी’. हिवाळ्याची बेगमी येथे येऊन पावसाळ्याची झाली. पदार्थाने नवे पंचांग स्वीकारले तेव्हाच तो या भूमीचा झाला.

येथवर ही हवामानाची आणि कौशल्याची गोष्ट झाली. परंतु ताटाचा उपयोग माणसाची परीक्षा घेण्यासाठीही झाला आहे, आणि तो भाग टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेल्या यहुदी व मुसलमान कुटुंबांवर सतत संशय असे. त्यांच्या घरात डुकराचे मांस शिजते की नाही यावर शेजाऱ्यांची आणि धर्मन्यायालयाची नजर असे. टिकण्यासाठी खारवलेली मांडी तेथे श्रद्धेची साक्षीदार बनली. हेच धर्मन्यायालय १५६० मध्ये गोव्यात आले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत टिकले. अ. का. प्रियोळकरांनी या न्यायालयाच्या इतिहासावर जे संशोधन केले, त्यातून त्याच्या १७३६ च्या फर्मानाची माहिती मराठी वाचकांना झाली. नव्या ख्रिस्ती लोकांनी हिंदूंच्या रीतीप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवू नये, असेही एक कलम त्यात होते. भातात मीठ शिजतानाच घालायचे की वाढताना, एवढ्यावरून माणूस कोणाचा हे ठरवले जात होते. मिठाचा असा उपयोग त्याच्या शोधकर्त्यांच्या स्वप्नातही आला नसेल.

या फर्मानानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई घेतली. त्या मोहिमेत मल्हारराव होळकर होते. आपल्या शहराच्या इतिहासातील मूळ पुरुषाने वसईचा तट प्रत्यक्ष पाहिला होता. वसईच्या चर्चमधील घंटा पुढे देवळादेवळांत गेल्या, आणि नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांपैकीच एक. परंतु शरणागतीच्या अटींत, मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मुभाही होती. ते राहिले. मराठीच बोलत राहिले, आणि नाताळही करीत राहिले. त्यांच्या घरांत उन्हाळ्यात अनेक जिन्नसांचा मसाला कुटून काचेच्या बाटल्यांत भरतात, तोच बॉटल मसाला. सणाला तळलेले फुगे आणि शिरक्यात मुरलेले डुकराचे मांस असते. ज्या सत्तेने त्यांना हा सण दिला ती गेली, ज्या सत्तेने ती घालवली तीही गेली. ताट मात्र उरले, कारण ते आता कोणाच्या फर्मानाने वाढले जात नव्हते. या समाजातून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईची मराठी मुख्य प्रवाहाच्या व्यासपीठावर आली, असे तेव्हा म्हटले गेले. वसईचे ताट अद्याप तेथवर आलेले नाही.

सर्वच मराठी ख्रिस्ती घरांत मात्र डुकराचे मांस शिजत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अहमदनगरकडच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) प्रॉटेस्टंट घरांत नाताळचा मान करंजी, लाडू आणि चिवड्याचा असतो. धर्म बदलला तरी हाताचे वळण बदलत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंना सोवळ्याचा उंबरठा ओलांडायला किती काळ लागला, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणारा प्रत्येक जण जाणतो. तिकडे गोव्याच्या कॅथलिक घरांतही नाताळला विंदाल्युच्या जोडीला ‘नेवऱ्या’ असतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. गोव्याची नेवरी, नगरची नाताळची करंजी आणि कृष्णपुऱ्यात दिवाळीला तळली जाणारी करंजी यांच्यात सारणाच्या प्रमाणाखेरीज फारसे अंतर नाही.

आता आपल्या स्वतःच्या ताटाकडे पाहावे. माळव्यात आलेल्या मराठी कुटुंबांनी येथे आपले सण नेटाने टिकवले. पण टिकवले म्हणजे जसेच्या तसे ठेवले असे नव्हे. येथल्या गव्हाने पोळीचा पोत बदलला, दाल-बाफले पंगतीत आले, आणि पुण्या-साताऱ्याहून येणाऱ्या पाहुण्याला आपल्या आमटीत माळव्याची चव लागते. पाहुणा जेव्हा हसून म्हणतो की तुमचे हे काही अस्सल राहिले नाही, तेव्हा आपल्याला ते लागते. दूरदेशी राहून सण जपणाऱ्याला तेथली हवा, तेथले धान्य आणि तेथला हंगाम पदार्थात येऊ द्यावाच लागतो. जो पदार्थ बदलायला तयार नसतो तो विलायती हॅमसारखा बोटीतून आणावा लागतो, आणि बोट बंद झाली की तो सणही उघडा पडतो. महूचे साहेब गेले आणि त्यांचे ताट त्यांच्याबरोबर गेले. वसईचे राहिले, कारण ते ताडामाडाच्या शिरक्याने, मिरचीने आणि येथल्या पावसाच्या हिशेबाने पुन्हा रचले गेले होते.

सणाचा पदार्थ सोवळेपणाचा वा श्रद्धेचा पुरावा म्हणून मागितला गेला की तो कडू होतो, याची साक्ष गोव्याच्या न्यायालयाने दिलेली आहे. तसे पुरावे मागण्याची सवय कोणत्याही काळात आणि कोणत्याही समाजात परत येऊ शकते. प्रस्तुत लेखक शाकाहारी घरात वाढलेला आहे आणि हॅमची चव त्याला ठाऊक नाही. ती ठाऊक असण्याची आवश्यकताही नाही. थंडीत कुणीतरी वर्ज्य केलेले अन्न पुन्हा हाती घेतो, विस्तवावर भाजतो आणि घरच्यांना वाढतो, एवढे कळले की पुरेसे आहे. येत्या चंपाषष्ठीला वांगे निखाऱ्यावर ठेवताना वसईतल्या एखाद्या मराठी घरात त्याच सुमारास शिरक्याची बरणी उघडत असेल, याची आठवण झाली तर हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.